मासा संकट घेऊन गेला म्हणे

आमच्या ऑफिसात काही महिने दर सोमवारी एक मासा मरायचा.

अगदी दर सोमवारी नाही, पण महिन्यातले तीन सोमवार तरी धरा. मी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका फॅक्टरीत आयटी बघतो. (आमचा आयटी विभाग म्हणजे मी, एक हार्डवेअरवाला पोरगा आणि एक प्रिंटर. तिघांत सगळ्यात जास्त लक्ष प्रिंटरला लागतं.) सकाळी कंपनीची बस बाळे, केगाव करत पोचली की सगळे आधी रिसेप्शनमध्ये, कारण पंचिंग मशीन तिथं. आणि मशीनच्या शेजारी फिश टँक. त्यात नऊ एंजल मासे, आठ पांढरे-सोनेरी आणि एक काळा. हा हिशेब कुठून आला ते तुम्ही ओळखलं असेलच. आठ रंगीत, एक काळा, टाकी अमुक दिशेला, असं कुणीतरी सांगितलेलं. फेंग शुई चीनचं आणि वास्तुशास्त्र आपलं, पण सोलापुरात पोचेपर्यंत दोघांची पार्टनरशिप झालेली असते.

तर सोमवारी मासा तरंगताना दिसला की आमचे मामा तो जाळीनं काढायचे आणि बाहेरच्या कुंडीत पुरायचे. साडेदहाला साहेब यायचे. टाकीकडं बघून विचारायचे, "कोणता गेला?"

"काळा, साहेब."

"चला. काहीतरी मोठं येणार होतं, त्याच्यावर गेलं."

आणि संध्याकाळपर्यंत गावातून नवीन काळा मासा हजर. जुन्याची बॅटरी संपली म्हणून नवी टाकावी तसा.

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असणार. मासा मेला म्हणजे घरावरचं संकट घेऊन गेला. लहान मुलं रडायला लागली की आजी म्हणते, शेजारी म्हणतात, कधीकधी दुकानदारसुद्धा म्हणतो (त्याला तर ते परवडतंच). वाक्य गोड आहे, कुणाच्या वाईटावर नाही. पण माझं असं मत झालंय की माशांच्या बाबतीत आपण बोलतो त्यातलं हे सगळ्यात घातक वाक्य आहे. कारण एकदा ते म्हटलं, की मासा का मेला हा प्रश्नच संपतो. आणि प्रश्न संपला की पुढचा मासा त्याच कारणानं मरतो.

आमच्या प्लांटमध्ये एखादी बॅच रिजेक्ट झाली की केवढा गोंधळ होतो म्हणून सांगू. लगेच मीटिंग. टोयोटावाल्यांची ती 'फाइव्ह व्हाय' पद्धत, म्हणजे का, मग ते का, मग ते तरी का, असं पाच वेळा विचारत मुळापर्यंत जायचं. त्याचा फॉर्म भरायचा, तो ऑडिटला दाखवायचा. बॅच संकट घेऊन गेली असं आजवर कुणी लिहिलेलं नाही. मग त्याच इमारतीत, त्याच माणसांसमोर, काचेतला जिवंत प्राणी दर आठवड्याला मरतो आणि एकही 'का' विचारला जात नाही, हे कसं?

मी विचारला. पण थोडा उशिरा. आणि मला शहाणपण आधीपासून होतं असंही नाही, तेव्हा आधी माझा पराक्रम सांगतो.

घरी टाकी मी आणली ती पुण्याची नोकरी सोडून सोलापूरला परत आलो तेव्हा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच. वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर ७० लिटर पाणी. पहिल्याच दिवशी चार एंजल टाकले. तीन आठवडे छान गेले. मग एका रविवारी मला स्वच्छतेचा झटका आला. नळाला पाणी आलं होतं, म्हणून फिल्टरचा स्पंज काढला आणि वाहत्या नळाखाली पिवळं पाणी निघायचं थांबेपर्यंत खसाखसा धुतला. स्पंज नव्यासारखा दिसत होता. पुढच्या चार दिवसांत चारही मासे गेले. आई म्हणाली, "जाऊ दे रे, तुझी इडापिडा घेऊन गेले." आणि खरं सांगतो, ऐकून बरं वाटलं. दोष माझा राहिला नाही ना!

दोष अर्थातच माझा होता. मासे गिलमधून सतत अमोनिया सोडतात. उरलेलं खाणं कुजलं की त्याचाही अमोनियाच होतो. स्पंजमध्ये राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरा बऱ्यापैकी निरुपद्रवी, तो पाणी बदलून काढता येतो. (दुसरी पायरी नायट्रोबॅक्टर करतो असं सगळीकडं छापलेलं असायचं. १९९८ साली टिम होव्हानेक आणि मंडळींनी दाखवलं की टाक्यांमध्ये ते काम नायट्रोस्पिरा जातीचे जिवाणू करतात. जुनी माहिती मात्र अजून फिरतेच आहे.) ही वस्ती जमायला महिना-दीड महिना लागतो. मी ती जमायच्या आत मासे टाकले, आणि जी काही जमली होती तिला क्लोरीनच्या पाण्यानं आंघोळ घातली. चालू सर्व्हरवर फॉरमॅट मारावा तसं. म्हणजे मी सॉफ्टवेअरवाला, बॅकअप घेतल्याशिवाय एक फाइल उडवत नाही, आणि इथं...

असो.

आता सोलापूरचं पाणी. मला वाटायचं की अमेझॉनचा मासा, त्याला मऊ आणि किंचित आम्लधर्मी पाणी लागतं, आपलं पाणी जड, म्हणून तो आपल्याकडं टिकत नाही. दुकानदारही हेच सांगतात. पण तुमच्या-आमच्या टाकीतल्या एंजलनं अमेझॉन बघितलेलीच नसते. तो चेन्नईच्या कोळत्तूरमधून नाहीतर कोलकात्याकडून येतो, पिढ्यान्‌पिढ्या टाक्यांमध्ये वाढलेला. जड पाणी तो चालवून घेतो. खरी गोम वेगळीच आहे. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक सौम्य आणि एक जहाल, आणि कोणतं किती हे पीएच आणि तापमानावर ठरतं. २५ अंशांवर पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाच्या जेमतेम अर्धा टक्का जहाल असतो. पीएच ८ झाला की पाच टक्क्यांच्या वर, म्हणजे जवळजवळ दसपट. आणि ३० अंशांवर सात टक्क्यांच्या पुढं. माझ्या घरच्या पाण्याचा पीएच ८ च्या आसपास येतो आणि आमच्याकडं मे महिन्यात पारा ४३ ला टेकतो, हे वेगळं सांगायला नको. म्हणजे दुसऱ्या गावात जेवढ्या चुकीनं मासा नुसता सुस्त होतो, तेवढ्याच चुकीनं इथं तो मरतो. इथं नशीब वाईट नसतं, चुकीला मार्जिन कमी असतं.

दुसरी गंमत म्हणजे पाणी येण्याची. आम्ही लहानाचे मोठे झालो ते पाणी रोज येतं हे माहीत नसताना. उजनीचं पाणी तीन-चार दिवसांआड, कधी पाच. घरोघरी बॅरल भरून ठेवलेले. साठवलेल्या पाण्यातला क्लोरीन एक-दोन दिवसांत उडून जातो, त्यामुळं खरं तर टाकीसाठी सोलापूरकराचं शिळं पाणी पुणेकराच्या ताज्या पाण्यापेक्षा चांगलं. फक्त ते शिळं होतं तेव्हाच संपायला आलेलं असतं, आणि तेव्हाच मी बादली घेऊन बॅरलपाशी उभा.

"माणसांना पाणी नाही आणि तू माशांचे चोचले कर." इति आई.

हा आक्षेप खरा आहे आणि मी तो हसण्यावारी नेणार नाही. पण हिशेब करू. ७० लिटरची टाकी, आठवड्याला पाव पाणी बदलायचं, म्हणजे १७-१८ लिटर. एक बादली. आमचा कूलर उन्हाळ्यात दिवसाला दोन बादल्या पितो, त्याला कुणी काही म्हणत नाही. आणि टाकीतून काढलेली बादली वाया जात नाही, नायट्रेट म्हणजे खतच, ते कुंड्यांना जातं. आईला माझा हिशेब पटलेला नाही. कढीपत्ता मात्र असा दणकट झालाय की शेजारच्या काकू फांदी मागायला येतात, आणि तेव्हा आई सांगते, "माशाचं पाणी घालते मी."

तर परत ऑफिसकडं.

दर सोमवारी, हेच मला खटकत होतं. आमच्या धंद्यात बग ठरावीक वारी येत असेल तर आधी शेड्यूल बघायचं असतं. (अकाउंट्समधला एक जण म्हणाला, "सोमवारी जातोय बे, सिद्धेश्वरांचा वार, पुण्यवान मासा आहे." आमच्याकडं विनोद असे.) एका सोमवारी मी घरून टेस्ट किट घेऊन गेलो. पाण्यात थेंब टाकायचे, पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर अमोनिया. गडद हिरवं झालं. पीएच ८ च्या वर. मग गेटवरच्या वॉचमनला विचारलं, आणि दोन मिनिटांत सगळं उलगडलं. शनिवारी संध्याकाळी ऑफिस सुटलं की तो लाइट बिल वाचावं म्हणून ऑफिसचं मेन पाडायचा. साहेबांचाच हुकूम. सोमवारी सकाळी परत चालू. सर्व्हर रूमची लाइन वेगळी, त्यामुळं मला कधी कळलंच नाही. म्हणजे शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ, जवळपास ३६ तास, फिल्टर बंद. पाणी फिरलं नाही की स्पंजमधल्या जिवाणूंना ऑक्सिजन मिळत नाही आणि ते मरायला लागतात. मासे मात्र अमोनिया सोडतच असतात, त्यांना कुठली रविवारची सुट्टी? वर बंद खोलीतलं गरम पाणी. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागं ८ मिलिग्रॅमच्या थोडा वर ऑक्सिजन मावतो, ३२ अंशांवर ७.३. आणि सोमवारी मेन चालू झालं की फिल्टरमध्ये सडलेलं सगळं पाणी टाकीत!

यात एक गोष्ट मला फार लागली. मामा शनिवारी निघताना दुप्पट खाणं टाकायचे. रविवारी उपाशी राहू नयेत म्हणून. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की मोठा झालेला मासा दोन दिवस न खाता आरामात राहतो आणि ते जास्तीचं खाणं खाली पडून कुजतं. माशांवर त्या इमारतीत कुणाचा जीव असेल तर मामांचा. आणि त्यांनाही आपण सगळ्यांनी 'संकट घेऊन गेला' हेच सांगत ठेवलं होतं.

मी पहिलं काम केलं ते म्हणजे फिल्टर आणि एअर पंपची पिन सर्व्हर रूमच्या यूपीएसवर घेतली. दहा मीटर वायर, दोनशे-अडीचशे रुपये. पुढचे सात आठवडे एकही मासा मेला नाही. सात.

पण एवढ्यावर भागत नव्हतं, कारण नऊ एंजल दीड फुटाच्या, चाळीस लिटरच्या टाकीत मुळात ठेवायचेच नसतात. दुकानात हा मासा रुपयाच्या नाण्याएवढा असतो, म्हणून लक्षात येत नाही. वाढला की शरीर तळहाताएवढं, आणि वरच्या कल्ल्यापासून खालच्या कल्ल्यापर्यंत उंची आठ इंच सहज. नीट ठेवला तर दहा वर्षं जगतो. टेरोफायलम स्कॅलेर हे त्याचं शास्त्रीय नाव, पहिल्या शब्दाचा अर्थ पंखासारखं पान. नदीत बुडालेल्या मुळ्यांच्या आणि देठांच्या मधून उभ्या उभ्या सरकायचं, अंगावरच्या काळ्या पट्ट्यांनी देठांच्या सावलीत मिसळून जायचं, याच्यासाठी ते शरीर बनलंय. त्याला रुंद नाही, उंच टाकी लागते. फूटभर उंचीत त्याचे कल्ले वाकतात, आणि तो कोपऱ्यात तिरका उभा राहतो. आपल्याला वाटतं, कसा शांत आहे!

रोम शहरानं २००५ साली गोल काचेच्या भांड्यात मासे ठेवायला बंदी घातली तेव्हा लोक हसले होते. मलाही ते रिकामटेकडं काम वाटलं असतं. आता वाटत नाही. बंदी नको म्हणा, पण दुकानदारानं विकताना एवढं तरी सांगावं की हा एवढा होणार, दहा वर्षं जगणार, आणि टाकी आधी महिनाभर चालवल्याशिवाय नेऊ नका. सांगत नाहीत, कारण महिनाभरानं गिऱ्हाईक परत येईल याची खात्री नसते. उलट काच साफ करायला म्हणून एक सकर मासा सोबत देतात. तो फूट-दीड फुटाचा होतो, टाकीत मावेना की लोक 'जीवदान' म्हणून नदीत-तलावात सोडतात. आज उजनीत मासेमारांच्या जाळ्यात हा सकर सापडतो, जाळी फाडतो, आणि त्याला बाजारात कुणी विचारत नाही. ज्या धरणाचं पाणी आपण पितो त्याच धरणात! हे संकट कुणी कुणाचं घेतलं म्हणायचं?

साहेबांशी मी यावर बोललो. वास्तुशास्त्रावर वाद घातला नाही, तेवढी अक्कल आलीय. म्हटलं, साहेब, आठ रंगीत एक काळा हे तसंच ठेवू, फक्त मासा बदलू. मॉली. मॉलीला जड, अल्कधर्मी पाणी उलट आवडतं, आमच्या पाण्याला शोभतो. काळी मॉली सगळीकडं मिळते. साहेबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "काळा असला म्हणजे झालं." उरलेल्या सात एंजलपैकी चार विजापूर रोडला राहणाऱ्या एका मित्राच्या चार फुटी टाकीत गेले आणि तीन माझ्याकडं आले. माझी टाकी तोवर वर्षभर मॉली-प्लॅटींवर नीट चालू होती. त्या मी मित्राला देऊन टाकल्या.

तिघांपैकी काळा आणि एक रुपेरी यांची जोडी जमली, तिसऱ्याला त्यांनी असा चोपला की तोही मित्राकडं पाठवावा लागला. त्यांनी फिल्टरच्या उभ्या पाइपवर अंडी घातली, ओळीत, चिकटवून. पहिल्या वेळी दुसऱ्याच दिवशी स्वतःच खाऊन टाकली. दुसऱ्या वेळी बहुतेक अंडी पांढरी पडली. जड पाण्याचा त्रास होतो तो इथं, अंडी फुटायच्या वेळी. तिसऱ्या वेळी मी निम्मं आरओचं पाणी वापरलं आणि अडीच दिवसांनी त्या पाइपवर शेपट्या वळवळायला लागल्या. एखादं पिल्लू खाली पडलं की नर-मादी कोणीतरी येऊन तोंडात घ्यायचं आणि परत पाइपवर थुंकायचं. मी दोन रात्री खुर्ची टाकून बसलो. आईसुद्धा जेवण वाढायचं सोडून बघत उभी.

पाचव्या दिवशी सकाळी उठलो तर एकही पिल्लू नाही. नर-मादी शांतपणे फिरत होते.

आई हळूच म्हणाली, "दृष्ट लागली असेल." आणि मला कबूल करायला हवं, त्या क्षणी ते वाक्य मला हवंसं वाटलं. रडणाऱ्या मुलाला आजी तेच का म्हणते ते कळलं. तरी वही काढली आणि लिहिलं, रात्री अकराला टाकीचा दिवा बंद केला, खोलीत मिट्ट काळोख, सकाळी पिल्लं नाहीत. अंधारात जोडीला पिल्लं दिसत नाहीत म्हणून रात्री एखादा मंद दिवा ठेवावा, असं अनुभवी लोक सांगतात. पुढच्या खेपेला झिरोचा बल्ब लावणार आहे. तो लावूनही गेली तर आणखी एक 'का'.

घरात माशांवर आमची श्रद्धा नव्हती अशातला भाग नाही. लहानपणी महापालिकेची माणसं डासांसाठी हौदात गप्पी मासे सोडून जायची. ते कधी मेलेले आठवत नाहीत आणि त्यांनी कुणाचं संकटही घेतलं नाही. अळ्या खायचे, बस.

ऑफिसच्या मॉलींना आता आठ महिने झाले. मॉली थेट पिल्लं देते, त्यामुळं नऊचा आकडा केव्हाच मोडला. परवा मोजले तेव्हा तेवीस होते, त्यात अकरा काळे. मधल्या काळात एक मोठी ऑर्डर कॅन्सल झाली. त्या दिवशी साहेब आले, टाकीसमोर बराच वेळ उभे राहिले.

"सगळे आहेत?"

"आहेत साहेब," मामा म्हणाले. "वाढलेत उलट."

"मग ऑर्डर कशी गेली?"

तीन वाजता त्यावर मीटिंग बोलावली. मला बोलावलं ते प्रोजेक्टर लावायला, त्यामुळं पहिला 'का' तेवढा ऐकला. टाकीत आता गर्दी व्हायला लागलीय. मामांनी दोन काळे त्यांच्या हौदासाठी मागून घेतलेत, बाकीच्यांसाठी गिऱ्हाईक शोधतोय.